वापरातलं घर

१

मंगळवारी दुकान बंद असायचं. म्हणून मंगळवारी सिद्रामप्पा लातूरला घर उघडायला जात.

घर उघडणं हे त्यांच्या लेखी एक कामच होतं. चाकूरहून एसटी धरायची, लातूरला उतरून रिक्षानं रिंग रोडपलीकडच्या रो-हाऊसांपाशी यायचं, कुलूप काढायचं. खिडक्या उघडून आतला कोंदट वास घालवायचा. नळ आवळून बसू नयेत म्हणून एकेक फिरवून बघायचा. टाकी कोरडी, त्यामुळं नळातून नुसती हवा फुसफुसायची. कोळिष्टकं काढायची, फरशी झाडायची आणि पुढच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचं. ऊन कललं की खिडक्या लावायच्या, कुलूप ओढून बघायचं आणि परत एसटी. त्या घरात ते कधी झोपले नव्हते की जेवले नव्हते. घर गुंतवणुकीचं होतं. गुंतवणुकीत कुणी जेवतं का?

चाकुरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. भांडं विकलं की त्यावर मशीननं नाव घालून द्यायचं कामही तेच करत. लग्नाच्या गर्दीत कुणाची परात कुणाच्या घरी गेली, तरी नाव वाचून ती ज्याची त्याला परत मिळायची. नाव घातलं की वस्तू माणसाची झाली, एवढी त्यांची साधी समजूत.

हे घर मात्र नाव लागूनही त्यांचं झालं नव्हतं. ते घेण्यासाठी महादेवीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, जळकोटकडचा शेताचा तुकडा विकावा लागला होता. तो तिला तिच्या वडिलांनी दिलेला. लातूरचे भाव कसे चढतायत, हे सिद्रामप्पांनी तिला चार लोकांसमोर समजावलं आणि चार लोकांसमोर तिला नाही म्हणता आलं नाही. तिनं सही केली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. ताट वाढायची आणि पाठ करून बसायची. सिद्रामप्पांना ते फार लागायचं. पण 'माझं चुकलं' एवढं म्हणायला गेलं की शब्द घशाशी अडायचे आणि नुसतं खाकरणं बाहेर यायचं. पुढं पुढं तर त्यांना खाकरायची सवयच लागली.

तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की घर विकायचं, तो तुकडा परत घ्यायचा, आणि महादेवीनं पुन्हा त्यांच्याकडं तोंड करून बसायचं. बाकी त्यांना काही नको होतं.

२

घर विकलं जात नव्हतं. भाड्यानं द्यावं, तर क्लासची पोरं भिंतींना खिळे ठोकून चाळण करतात आणि परीक्षा झाली की पंखासुद्धा काढून नेतात, असं शेजारचे सांगत. कुटुंबाला द्यावं, तर ते उठायचं नाव घेत नाही. रस्ता रुंद होईपर्यंत थांबावं, तर रस्ता कधी होणार हे रस्त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि रिकामं ठेवावं, तर भाव पडतो.

"पडतोच की, अप्पा," एजंट भागवत म्हणाला. घर त्यानंच घेऊन दिलं होतं आणि विकूनही तोच देणार होता. "गिऱ्हाईक येतंय, कुलूप बगतंय आन इचारतंय, इतके दिस कामून पडून हाय? आत काई खोट हाय का? म्या काय सांगू? घर वापरात दिसायला पायजे बगा."

"वापरात म्हंजे? म्या काय दुकान सोडून हितं येऊन राहू?"

"राहू नका हो. नुसतं दिसू द्या. चार कपडे वाळत टाका. दाराशी जुन्या चपला ठेवा. कट्ट्यावर तांब्या. बगनाऱ्याला वाटलं पायजे की मानूस आत्ताच आत गेलंय."

सिद्रामप्पांना आपण घर घेतलं तो दिवस आठवला. तेव्हाही तारेवर कपडे होते. दाराशी चपला होत्या, एकीवर एक ठेवलेल्या. चपलेवर चप्पल चढली की प्रवास घडतो म्हणतात, म्हणून ते ध्यानात राहिलं. विकणारा बिलोलीकडचा होता, वाळलेला, कमी बोलणारा. "हितं कोन राहतंय?" असं सिद्रामप्पांनी विचारलं, तर तो दुसरीकडं बघत म्हणाला, "आमीच की." रजिस्ट्री झाल्यावर किल्ल्या देऊनही तो अंगणात उभाच राहिला. भागवत म्हणाला, "जावा की आता गावाकडं." तो म्हणाला, "हाव, जातो." सिद्रामप्पांची रिक्षा वळली तेव्हा तो तिथंच उभा होता.

तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. लोकांचा घरात जीव अडकतो.

पुढच्या मंगळवारी ते पिशवी भरून गेले. एक फिकट निळा सदरा घेतला. त्याची कॉलर महादेवीनं पूर्वी कधी हिरव्या दोऱ्यानं शिवली होती, कारण निळा दोरा संपला होता. पायजमा, टॉवेल आणि अंगठा झिजलेल्या चपला घेतल्या. कट्ट्यावर ठेवायला दुकानातला नवा तांब्या काढला. रिकामा हात मशीनवर गेला आणि सवयीनं त्यांनी त्यावर स्वतःचं नाव घातलं. तांब्या त्या घरात ठेवायचा होता, तेव्हा नावही त्या घराच्या मालकाचंच हवं, इतका सरळ विचार. आजवर हजार भांड्यांवर लोकांची नावं घातली होती. स्वतःचं पहिल्यांदाच घातलं.

कपडे तारेवर टाकले, चपला दाराशी शेजारी शेजारी नीट ठेवल्या, तांब्या कट्ट्यावर. फाटकाबाहेर जाऊन त्यांनी वळून बघितलं. घर खरोखर वापरातलं दिसत होतं. इतकं, की पुन्हा फाटक उघडून आत जायला त्यांना जरा संकोच वाटला.

३

त्यानंतरच्या मंगळवारी टॉवेल ओला होता.

उन्हाळ्याचे दिवस. लातुरात दुपारी तारेवर ओलं फडकं टाकलं तर दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत वाळतं. सिद्रामप्पांनी टॉवेल हातात धरला. गार होता. एका टोकाला पांढरट बोटं उमटली होती. सकाळी पूजा झाली की ते कपाळावर विभूतीचे पट्टे ओढत आणि उरलेली बोटं टॉवेलच्या टोकाला पुसत. चाकूरच्या घरच्या टॉवेलांना हा डाग कायमचा असे. पण हा टॉवेल त्यांनी धुऊन, घडी घालून आणला होता. ते टोक ओढून बघितलं, तर भस्म बोटाला लागलं. ओलं.

त्यांनी स्वतःला समजावलं. आधीचाच डाग राहिला असेल. शेजाऱ्यांनी झाडांना पाणी मारताना भिजला असेल. शेजारी झाड एकही नव्हतं, हे त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी तेच स्वतःला सांगितलं.

समोरच्या घरात चतुराबाई एकटी राहायची. मुलं पुण्याला. दिवसभर ती दारात खुर्ची टाकून बसे, त्यामुळं ओळीतलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. सिद्रामप्पांनी तिला सहज विचारावं तसं विचारलं, "मावशी, आमच्या घरी कोनी येतं का हो?"

"कोन येनार? तुमीच येता की."

"मंगळवारी येतो म्या. मदल्या दिवशी म्हनतो."

चतुराबाई हसली. "अप्पा, काय चेष्टा करून राहिलाव? काल दुपारीच कपडे काढलाव की तुमी. म्या म्हनलं, शरनार्थ अप्पा, तर मान बी हालवलाव. बोलत मात्र न्हाईत तुमी लई."

सिद्रामप्पा म्हणाले, "हाव, हाव." काल ते दुकानात होते, आणि दिवसभर गिऱ्हाईक होतं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू असावा, असं त्यांनी मनात घेतलं. परत येताना त्यांचं लक्ष दाराशी गेलं. त्यांच्या चपला एकीवर एक ठेवलेल्या होत्या.

भीती वाटायला हवी होती. ती कुठं आहे म्हणून त्यांनी आत चाचपून बघितलं, तर काही हालत नव्हतं. पाठ करून बसलेल्या बाईच्या घरात माणूस फार दिवस राहिला की त्याचं असं होतं. सगळंच जरा लांबून ऐकू येतं. त्यांनी चपला पुन्हा शेजारी शेजारी लावल्या आणि एसटी धरली.

४

भागवतचा फोन आला. त्याचा आवाज फुलला होता. "अप्पा, काम झालं म्हना! नांदेडचं गिऱ्हाईक लागलंय. बसवंतराव. बियान्याचा धंदा हाय त्यांचा, हितं पैसा गुतवायचाय. बाहिरूनच बगितले आन म्हनले, घर चांगलं नांदतंय की!"

आता आला प्रश्न. घरात कुणीतरी घुसतंय हे सांगावं का? पोलिसांत जावं का? गेलं तर गावभर होणार, घरावर ताबा बसलाय म्हणणार आणि बसवंतराव नांदेडातल्या नांदेडातच पैसा घालणार. सिद्रामप्पा व्यवहारी माणूस. त्यांनी काही न बोलता नवं कुलूप घेतलं आणि मंगळवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून लातूर गाठलं.

जुनं कुलूप जसंच्या तसं होतं. खिडक्यांचे गज शाबूत. आत फरशी झाडलेली होती. कोंदट वास नव्हता. त्याजागी भाकरीचा, तव्यावर जरा करपलेल्या कडेचा वास होता. घरात गॅस नव्हता, चूल नव्हती, पिठाचा कण नव्हता. त्यांनी नळ सोडून बघितला. हवा फुसफुसली. कट्ट्यावर तांब्या होता आणि तो काठोकाठ भरलेला होता. बाहेरच्या अंगावर त्यांचं नाव ओलं होऊन चमकत होतं.

मग आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

सिद्रामप्पा जागच्या जागी थांबले. ते खाकरणं त्यांच्या ओळखीचं होतं. आधी एक छोटं, मग थांबणं, मग एक मोठं. जणू माणूस काहीतरी बोलणार आहे आणि बोलत नाही. ते त्यांचंच खाकरणं होतं. फक्त आज ते त्यांच्या घशातून आलं नव्हतं.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

दार अर्धवट उघडं होतं. चार पावलं टाकली असती तर दिसलं असतं. सिद्रामप्पांनी ती टाकली नाहीत. बघितलं की ठरवावं लागेल, आणि ठरवलं की सौदा मोडेल, एवढंच त्या वेळी त्यांच्या डोक्यात होतं. मागल्या पावलांनी ते बाहेर आले, दाराला नवं कुलूप लावलं आणि ते ओढून बघितलं. आपण त्याला आत कोंडलं की बाहेर ठेवलं, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

५

माल आणायला ते उदगीरला गेले होते, तो दिवस गुरुवार. संध्याकाळी घरी आले तर महादेवी ओसरीवर बसली होती, आणि बसली होती ती रस्त्याकडं तोंड करून. त्यांना बघून तिनं पदर सारखा केला.

"चहा टाकू का? का दुपारचं जेवन अजून अंगावर हाय?"

इतक्या दिवसांनी तिनं त्यांना प्रश्न विचारला होता. "दुपारचं?"

"तीन भाकरी खाल्लाव की आज. बरं वाटलं मला." ती खाली बघत बोलत होती, बोटांनी लुगड्याचा काठ गोळा करत. "आवो, तुमी दुपारी म्हनलाव ना... जळकोटच्या रानाचं... की माझं चुकलं म्हनून. म्या तवा काई बोलले न्हाई. पर माझ्या मनातलं गेलं बगा. रान येवो न्हाई तर न येवो. तुमी म्हनलाव, तेवढंच पायजे होतं मला."

तिचे डोळे भरून आले होते. किती वर्षांनी ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

त्याच क्षणी सिद्रामप्पा सांगू शकले असते. दुपारी मी उदगीरला होतो, तुझ्या ताटावर कोण बसलं होतं ते मला ठाऊक नाही, दार लावून घे, असं. गोष्ट तिथंच मिटली असती किंवा निदान दोघांची झाली असती. पण महादेवी त्यांच्याकडं बघत होती. जे बोलायचं ते बोलून झालं होतं. ते कुणी बोललं, एवढाच प्रश्न उरला होता. आणि तो प्रश्न त्यांच्याशिवाय कुणाला पडणारही नव्हता.

त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "टाक चहा."

त्या रात्री त्यांनी कपाट उघडून बघितलं. त्यांचे सदरे कमी वाटत होते. लातूरला नेला त्याहून बरेच कमी.

६

बसवंतराव नांदेडहून घर बघायला येणार होते. सिद्रामप्पा सकाळीच पोचले. फाटकाशी भागवत मोटारसायकल लावून उभा होता, खुशीत.

"अप्पा, तुमी भाऊ हाय म्हनून कधी बोललाव न्हाई!"

"भाऊ?"

"आत राहतेत ते. परवा आलतो म्या, तर अंगनात उभे. एका साच्यातलं हाव तुमी दोगं! म्या भेतच इचारलं, बसवंतरावास्नी घर मोकळं पायजे, तुमचं काय? तर म्हनले, आपली काई तक्रार न्हाई. रजिस्ट्री झाली की म्या आपल्या घरी जातो." भागवतनं हात झटकले. "असं मानूस मिळत न्हाई हो. न्हाई तर ताबा सोडवता सोडवता लोकांचे जीव जातेत."

सिद्रामप्पांना भाऊ नव्हता. "कुठल्या घरी म्हनले?" त्यांनी विचारलं.

"आता ते म्या कशाला इचारू? आपल्या म्हनले." भागवतचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत कोपऱ्यापर्यंत गेला.

सिद्रामप्पा अंगणात आले. तारेवर काहीच नव्हतं. नवं कुलूप दाराला होतं तसंच होतं. पुढची खिडकी उघडी होती. ते खिडकीशी गेले आणि गजांतून त्यांनी आत बघितलं.

खाली फरशीवर, खिडकीकडं पाठ करून, एक माणूस बसला होता. मांडीवर टॉवेल घेऊन तो त्याची घडी घालत होता, कड कडेला जुळवून, कुठं जायची घाई नसल्यासारखा. अंगात फिकट निळा सदरा. मानेखाली कॉलरीवर हिरवा दोरा. कानामागं केस पांढरे, सिद्रामप्पांचे होते तितकेच पांढरे. घडी पुरी झाली. त्यानं ती शेजारच्या पिशवीत ठेवली, मग तांब्या उचलून पिशवीत घातला. आणि खाकरत, सावकाश, तो मान वळवू लागला.

सिद्रामप्पांनी नजर खाली टाकली. त्यांना तो चेहरा नको होता. पायाशी, दाराच्या कडेला, त्यांच्या झिजलेल्या चपला एकीवर एक होत्या. त्यांनी चपलांकडं बघत राहायचं ठरवलं आणि ते बघत राहिले, नांदेडची गाडी फाटकाशी येऊन थांबेपर्यंत.

त्यांनी कुलूप काढलं तेव्हा आत कुणी नव्हतं. बसवंतराव हसतमुख माणूस होता. त्यानं खोल्या बघितल्या, भिंतींवर बोटं वाजवून बघितली, पाण्याचं विचारलं, रस्त्याचं विचारलं. शेवटी भागवतला म्हणाला, "मी काही इथं राहणार नाही. दोन वर्षं ठेवीन आणि काढीन. तोवर काय करावं?"

"ते म्या सांगतो की," भागवत म्हणाला.

अजून वेळ होती. घर विकायचं नाही, असं म्हणता आलं असतं. ते माझ्याकडंच राहू द्या, त्यातलं जे आहे ते त्यातच राहू द्या, असं. सिद्रामप्पांनी तोंड उघडलं. मग त्यांना जळकोटचा तुकडा आठवला, महादेवीचं त्यांच्याकडं वळलेलं तोंड आठवलं, आणि त्यांनी सौद्याला होकार दिला.

७

रजिस्ट्री झाली. जळकोटचा तुकडा ज्याच्याकडं होता त्यानं तो परत द्यायचं फोनवर कबूल केलं. सिद्रामप्पांनी पेढे घेतले आणि उन्हाची पर्वा न करता चाकूर गाठायला निघाले. एसटीत खिडकीशी बसून ते मनातल्या मनात बोलून बघत होते. महादेवी, रान आलं. महादेवी, माझं चुकलं. आज शब्द घशाशी अडत नव्हते. आज ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगणार होते. इतकं हलकं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

घराशी आले तर आतून हसण्याचा आवाज येत होता. महादेवी हसत होती. तिचं हसणं कसं होतं हे ते विसरून गेले होते. आता ऐकल्यावर आठवलं.

उंबऱ्याशी झिजलेल्या चपला होत्या. एकीवर एक.

सिद्रामप्पांनी कडी वाजवली. आपल्याच दाराची कडी आपण का वाजवतोय, हे वाजवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. महादेवी आली. हसू अजून तोंडावर होतं. त्यांना बघून तिनं पदर डोक्यावर ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा.

"कोन पायजे?"

सिद्रामप्पा तिच्याकडं बघत राहिले. तिच्या डोळ्यांत ना राग होता, ना थट्टा. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ती जशी बघायची, तशी ती बघत होती.

"लई उन्हाचं आलाव. बसा ओट्यावर, पानी आनते." ती आत वळली आणि म्हणाली, "आवो, कोनीतरी पाव्हनं आलंय बगा. लातूरच्या घराचं काई काम हाय वाट्टं."

आत कुणीतरी खाकरलं. आधी छोटं, मग थांबून मोठं. आणि मग, सिद्रामप्पांच्या आयुष्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं: खाकरण्यापाठोपाठ शब्द आले. मोकळे, मायेचे.

"बसा म्हनावं. चहा बी ठेव, महादेवी. दमून आलं असंल मानूस."

तिनं तांब्या आणून दिला. पाणी गार होतं. नाव बोटांना लागत होतं. त्यांच्याच हातचं, शेवटच्या अक्षराला जरा ओढ. सिद्रामप्पांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला. तांब्या ज्याचा त्याच्या घरी होता. मी आहे, महादेवी, एवढं म्हणायचं होतं. घशाशी आलं. ते खाकरले. ती वाट बघत उभी राहिली, मग बाहेरून येणाऱ्याला द्यावं तसं ओळखीपुरतं हसली आणि आत गेली.

पेढ्यांचा पुडा त्यांनी ओट्यावर ठेवला. चहासाठी ते थांबले नाहीत.

८

लातूरला उतरले तेव्हा ऊन कललं होतं. दुसरीकडं कुठं जायचं हे त्यांना सुचलं नव्हतं, आणि सुचवून घ्यायची इच्छाही नव्हती. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं?" तर पत्ता आपसूक तोंडातून गेला.

चतुराबाई दारात खुर्ची टाकून बसली होती. "आलाव का? आज उशीर झाला."

"हाव," सिद्रामप्पा म्हणाले.

फाटक नुसतं लोटलेलं होतं. दाराला बसवंतरावांचं मोठं कुलूप होतं. दाराशी चामड्याच्या जुन्या चपला ठेवल्या होत्या, शेजारी शेजारी, नीट. तारेवर एक पांढरा सदरा, पायजमा आणि टॉवेल वाळत टाकला होता. भागवतनं सांगितलं असणार.

सिद्रामप्पा अंगणात उभे राहिले. आतून भाकरीचा वास येत नव्हता, काही आवाज नव्हता. घर मोकळं होतं. पुढच्या खिडकीच्या गजांतून त्यांना आपली प्लास्टिकची खुर्ची दिसली. ती सौद्यात गेली होती.

ऊन गेलं की कपडे दमट होतात. त्यांनी सदरा तारेवरून काढला, टॉवेल काढला, कड कडेला जुळवून घडी घातली. मग सदरा उलगडून अंगात घातला. खांद्यात जरा ढगळ होता, पण होईल सवय. पायातल्या चपला त्यांनी दाराशी काढून ठेवल्या. बसवंतरावांच्या चपलांशेजारी जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या त्यांच्यावर ठेवल्या.

मग त्यांनी दार लोटलं, आणि कुलूप होतं तसंच असताना ते आत गेले.